घट

मला बोलावलं होतं ट्यूबलाइटसाठी.
चोक गेला असेल, म्हणाले, पाच मिनिटांचं काम.
दत्तवाडीतली गिरणी, उतारावरची,
बाहेर डब्यांची रांग, प्रत्येकावर खडूनं नाव:
ढमढेरे, ज्वारी. तुपे, गहू बारीक.
कुणा 'बी-४ वाल्या मॅडम', भाजणी.

बोर्डाचं झाकण उघडलं, सवयीनं.
आत पिठाचा थर, पालीची अंडी,
आणि सेफ्टी स्विचच्या डोक्यावरून
एक लाल वायर, अर्ध्या वितीची,
ओढ्यावर फळी टाकावी तशी टाकलेली.

"हे कुणी केलं?"
"सारखा पडायचा हो," खांडगे म्हणाले,
"दळण अर्ध्यात, लोक खोळंबलेले.
मागच्या गुरुवारी लाइट नव्हती, तेव्हा एकाला बोलावलं.
दोनशे घेतले. तेव्हापासून कटकट नाही.
आणि एमसीबी आहेच की."

एमसीबी वायर वाचवतो, शेठ. माणूस नाही.

मी औंधच्या आयटीआयतली, चोवीस जणांत दोन मुली.
तांबोळी सरांनी फळ्यावर लिहिलेला आकडा
अजून डोळ्यांपुढे आहे:
तीस मिलिअँपिअर, खडू मोडेपर्यंत गिरवलेला.
पण आकड्यानं खांडगे हलणार नव्हते.
मग मी त्यांच्या वजनकाट्याकडे बोट दाखवलं.

दहा किलो गहू आला. पीठ किती द्याल?
"नऊ किलो आठशे. दोनशे घट. जात्यात राहतं, हवेत उडतं."
आणि नऊच भरलं तर?
"तर काय! गिऱ्हाईक गळा धरेल. कुठं गेलं, दाखव म्हणेल."

हा स्विच तेच विचारतो.
जेवढी गेली तेवढी परत आली का.
कमी भरली तर गेली कुठे?
ओल्या भिंतीत,
की कुणाच्या अंगातून जमिनीत?
आणि उत्तराची वाट बघत नाही.
डोळा लवायच्या आत धंदा बंद करतो.
एवढाच त्याचा गुन्हा.

खांडगे काही बोलले नाहीत.
बोलला परमेश्वर, औशाहून आलेला, अनवाणी,
भुवया पांढऱ्या, वय सांगता न येणारं:
"ताई, पत्र्याचं चाडं धरलं की हाताला मुंग्या येतात.
आठ दिवस झालं. मला वाटलं,
शीण असंल."

टेस्टर लावला मोटारीच्या अंगाला.
लवंगेएवढा नारिंगी दिवा लागला.
अर्थिंगची तार मागे मोरीपाशी
गंजून कधीच तुटली होती.

सात वाजले सगळं करता करता.
लाल वायर मी खिशात घातली.
ट्यूब तशीच राहिली.

"हे घरी पण लागतं का?" पैसे मोजताना खांडग्यांनी विचारलं.
गिझर आहे? वॉशिंग मशीन आहे?
माणसं आहेत? मग लागतं.
सांगताना मला माझी खोली आठवली, जनता वसाहतीतली.
मालक म्हणतो, वीस वर्षांत मेलंय का कुणी.
स्वतःच्या पैशानं बसवते, म्हटलं होतं मी.
दिवाळीपासून म्हणतेच आहे.

महिन्यातून एकदा हे बटण दाबायचं, परमेश्वरला सांगितलं,
आणि झाकणाच्या आत पेन्सिलीनं तारीख लिहायची.
"आन् पडला तर?"
पडला तर चांगला. नाही पडला तर मला फोन.

त्यानं हात पँटला पुसला. दाबलं.
खट्.
अंधार. बाहेरून कुणीतरी ओरडलं, "अहो, माझी भाजणी!"
आणि जातं, वीज तुटल्यावरही,
स्वतःच्याच ओझ्यानं फिरत राहिलं,
हळू, आणखी हळू,
आणि परमेश्वर चाड्यावर तळहात टेकून उभा,
मुंग्यांची वाट बघत.