सुका डबा

रविवारी साडेनऊला
लोकमान्य नगरात, जिथे आमची स्कूटर उभी असायची
त्या गॅरेजात सतरंजी अंथरते मी.
सात-आठ पोरं येतात, कधी अकरा,
बोटांना जिलबीचा पाक तसाच घेऊन.
फी नाही. अट एकच :
येताना घरचा सुका डबा उपसून आणायचा.

मग सतरंजीवर ओतला जातो
अख्ख्या गल्लीचा आठवडा.
शेवेची खोकी, तेलाचे डाग पडलेली,
गोळ्या संपलेल्या चंदेरी पट्ट्या,
शिंप्याकडच्या चिंध्या, दोऱ्याची पोकळ रिळं,
आणि लग्नपत्रिका!
त्यांच्यासारखा कागद बाजारात मिळत नाही :
जाड, सोनेरी, वर उठावाचा गणपती,
आणि लग्न तर केव्हाच होऊन गेलेलं.
गणपती तेवढा कापून वेगळा ठेवायचा, हा नियम.
बाकी मांडव, मुहूर्त, समस्त आप्तेष्ट
यांचे मासे होतात, कंदील होतात.
परवा एका मोराच्या पिसाऱ्यावर
‘कृपया आहेर आणू नये’ असं स्वच्छ वाचता येत होतं.

खळ मीच शिजवते.
दोन चमचे मैदा, वाटीभर पाणी, चिमूट तुरटी,
मंद आच, आणि हात थांबवायचा नाही.
थांबला की मुद्रा किबे म्हणतेच,
“काकू, आज पिठलं झालंय.”
अठ्ठावीस वर्षं बँकेत कॅशला होते मी.
नोटा मोजून अंगठ्याची रेघ झिजली,
तोच अंगठा आता पुठ्ठ्याच्या घडीवर दाबून धरते
आणि वीसपर्यंत मोजते.
मागच्या महिन्याचा खर्च : सव्वीस रुपये.
धारवाल्याने कात्र्यांचे साठ मागितले,
म्हटलं, बोथटच बऱ्या.

लखन आला तेव्हा रिकाम्या हातांनी आला.
दाराशीच उभा. मी विचारलं, “डबा?”
म्हणाला, “हमारे यहाँ सूखा निकलता ही नहीं.”
मुलं हसली.
मी खळ ढवळत राहिले, गरजेपेक्षा जास्त वेळ.
पिशवीच्या चौकटी शिवणारी, डब्यात तुळस लावणारी
कुणी आई डोळ्यांपुढे आली.
मग मीच माझा अर्धा ढीग त्याच्याकडे सरकवला.

त्या दिवशी विषय होता राजवाडा.
काड्यापेट्यांचे सात मजले चढवता चढवता
इंद्रनीलचा पाचव्यालाच कोसळला,
तिघींचं खिडक्यांवरून भांडण झालं.
लखन पाठ करून बसलेला.
शेवटी त्याने वळून जे ठेवलं
ती कचऱ्याची गाडी होती.
ओल्याचा कप्पा, सुक्याचा कप्पा,
काचेचा वेगळा, छोटा, झाकणवाला,
मागे लोंबणारी पोती, बाजूला खराटा,
रिळांची चाकं. फिरणारी!
“पापा की है,” एवढंच बोलला,
आणि जरा वेळाने, कपाळाला आठी घालून,
“गाना किधर से निकलेगा, वो रह गया.”
इंद्रनीलने आपला पडका राजवाडा सोडला,
औषधाच्या बाटलीचं झाकण शोधून आणलं.
भोंगा बसला. जरा तिरका.

सोमवारी सातला वळणावर गाणं वाजलं.
मी डबा घेऊन फाटकाशी.
काचेआड, देवाच्या फोटोशेजारी, ती गाडी :
गाडीच्या आत गाडी.
मांगीलाल त्याबद्दल काही बोलला नाही, मीही नाही.
माझा डबा त्याने वरवर चाळला,
बुटांचं एक खोकं बाहेर काढलं,
उलटंसुलटं केलं, कडा दाबून पाहिल्या,
“मैडम, इतना अच्छा पुट्ठा! फेंक क्यों रहे हो?”

आता रोज सकाळी
गल्लीभरचा कचरा नेते ती गाडी
आणि माझ्या पायरीवर थोडा ठेवून जाते.
आज एक पंख्याचं खोकं. काल बिनकाट्यांचं घड्याळ.
गॅरेजात पाय ठेवायला जागा उरली नाही.
आमचे हे दारातूनच म्हणतात,
“बरं झालं, स्कूटर वेळेवर विकली.”
आणि मी उत्तर शोधेपर्यंत
तिकडे खळ तळाला लागते.