सावली : बंद

मानेवाड्याच्या खोलीत, भर दुपारी दोन वाजता
मी थंडीने मरते आहे.
पडद्यावर बर्फ, काडेपेटीत तीन काड्या,
डोक्यावर शेहेचाळीस अंशांचा पत्रा.

हा डबा सुमेधदादाने बर्डीवरून आणला,
बंद पडलेल्या कुठल्याशा सायबर कॅफेतला.
एका कुशीचं झाकण काढून
टेबलफॅन लावलाय थेट आतड्यांवर,
तरी धापा टाकतो.

खेळ चालावा म्हणून एकेक सोडत गेले.
गवत सोडलं. धुकं सोडलं.
तळ्यातलं आभाळ सोडलं.
यादीत सगळ्यात खाली होती सावली.
मे महिन्यात, नागपुरात,
ती मी माझ्या हाताने बंद केली.

आता झाडं नुसती उभी आहेत
खिळे ठोकल्यासारखी.
लांडगा झाडापाशी असतो,
मग एकदम गळ्याशी.
मधलं धावणं या डब्याला झेपत नाही.
तेव्हा मी त्या मधल्यातच
चाकू चालवायला शिकले,
जिथे काही दिसत नाही तिथे.

पेटली. तिसऱ्या काडीला पेटली शेकोटी,
चार केशरी चौकोन.
आणि पलीकडे, रात्रपाळीहून आलेल्या बाबांनी
कूलरचा पंप लावला.
व्होल्टेज बसलं.
पडदा काळा.

"काहून वं, काय झालं?"
काही नाही बाबा, झोपा तुम्ही.

वाळ्याच्या ताट्यांतून ओला वारा आला,
मानेवर थांबला.
काळ्या काचेत माझाच चेहरा,
त्याला मात्र सगळ्या सावल्या होत्या.
मी हात चोळले
आणि बटण दाबलं.
पुन्हा तीन काड्या.