हँडब्रेक

देवळाली कॅम्पातल्या दिनशॉनं जीप दिली
तेव्हा कागदांबरोबर एक दगडही दिला.
काळा, पाचरीसारखा,
एका अंगानं टायरच्या नक्षीनं गुळगुळीत झालेला.
"हँडब्रेक धरते नाय. आ राखजे.
अडुसष्टपासून हाच लागते."

मी हसलो.
अंबडला खलील मिस्त्रीकडं तीन रविवार घातले.
ड्रम घासले, केबल नवी टाकली,
लायनर भद्रकालीतून, जुनेच पण बरे.
कार्बोरेटर रात्रभर रॉकेलच्या तसराळ्यात भिजला;
ते तसराळं बायकोनं पुन्हा घरात घेतलं नाही.

मग एका पहाटे अंजनेरीचा चढ.
लो गिअर, चारही चाकं खडीला झोंबलेली,
आणि अर्ध्यातच रेडिएटरला उकळी.
हँडब्रेक ओढला. कट कट कट.
काय करकरीत आवाज!
जीप दोन बोटं मागं सरकली,
म्हातारं माणूस खुर्चीत नीट बसतं
तशी,
आणि मग आणखी दोन.

सीटखाली हात घातला.
दगड चाकामागं सरकवला.
इंजिन निवेपर्यंत त्याच्याच शेजारी बसून होतो,
लांबवर गंगापूरचं पाणी उजळत होतं.

दिनशॉला फोन लावला.
"धरला?" त्यानं विचारलं.
कोणी, ते त्यानं विचारलं नाही.
"धरला," मी म्हणालो.