मधली आच

कॅप्सूल आधी रिकाम्याच बनतात.
लाल-पांढऱ्या, जिलेटिनच्या, औषध अजून लांब.
हवेत ओल चढली की एकमेकींना चिकटतात
आणि सकाळी अख्खा ट्रे भंगारात.

म्हणून रबाळ्यात, कारखान्याच्या गच्चीवर,
पत्र्याच्या खोक्यात एक चाक फिरतं, मुंगीच्या पावलांनी.
खाडीकडून आलेली ओल पिऊन घेतं,
आणि गॅसची ज्योत त्या चाकाला पुन्हा तहान लावते.
ज्योत किती मोठी, ते ठरवणारी एक डबी असते,
माझ्या जेवणाच्या डब्याहून लहान.
तिचं वायरिंग ऑक्टोबरात माझ्याकडे आलं.

जुना बर्नर दोनच शब्द शिकला होता:
पेट.
विझ.
हा नवा व्हॉल्व्ह शून्य ते दहा व्होल्टांत
मधलं सगळं बोलतो.
दोन व्होल्ट, दूध उतू जाऊ नये एवढे.
साडेचारला तांदळाची भाकरी टम्म फुगावी.
आई म्हणाली, यात नवं काय?

मुजावर चाचा उकिडवे बसले,
सांध्यांवर भांड्यांच्या साबणाचा फेस लावला,
बुडबुडा येतो का बघत राहिले, मुलाच्या तापाकडे बघावं तसे.
मग नळी जोडली.
"आधी मोठी ज्योत बसव, दर्शना. मग लहान.
मग परत मोठी तपास.
लहानीपासून सुरू केलंस तर दोन्ही हातच्या जातील."
नळीतलं पाणी साडेतीन इंचांवर थांबलं.
चाचांनी स्क्रूवर टोपी बसवली
आणि बोटं पँटला पुसली.

ब्लोअर चालू केला.
एकशे तीसवर ठेवलेलं तापमान
एकशे पंचेचाळीसला गेलं, एकशे अठराला आलं,
पुन्हा वर.
काचेच्या भोकातून ज्योत दिसत होती,
देवळाबाहेर चप्पल हरवलेल्या माणसासारखी
पुढे मागे, पुढे मागे.
सेन्सर बदलला. तोच झोका.
सेन्सर काढून तिथे ठरावीक ओहमचा रेझिस्टर लावला,
म्हणजे आता तापमान बदलायलाच नको.
तरी आकडा हलतोच आहे.

म्हणजे खोट वाटेत होती.
आणि वाट मी घातली होती.
वेळ वाचावा म्हणून सेन्सरची बारीक वायर
ब्लोअरच्या जाड केबलच्या कुशीतून नेली होती,
तिच्या जाळीचं कवच
दोन्ही टोकांना अर्थला बांधलं होतं. छान घट्ट.
"एकच टोक जमिनीला," चाचा म्हणाले,
"दोन्ही बांधलीस की जमीनच मध्ये बोलायला लागते."
रागावले नाहीत. त्यानं जास्त लागलं.

एमसीबी पाडली. टॉर्च दातांत धरला.
वेगळ्या पाइपातून वायर ओढता ओढता
खाली, कुंपणाजवळ, अर्थिंगचा खड्डा दिसला,
चौकोनी झाकण, बाजूला पाण्याची बादली.
त्या खड्ड्यात मीठ घालतात आणि कोळसा.
आमच्या आजाचं मिठागर इथून चालत दहा मिनिटांवर,
म्हणजे होतं.
साडेबारा टक्क्यांचा कागद अजून कपाटात,
प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबरबँड.
विकतच्या मिठाची गोणी कुणी आणली, कुठून आणली,
कुणाला विचारू?

सेन्सरकडचं टोक कापलं, टेप गुंडाळली,
डबीकडचं तेवढं बांधलेलं ठेवलं.

चालू केल्यावर आकडा थोडा चढला,
एकशे तेहतीस.
मग एकशे एकतीस.
मग तिथेच, एखाद-दुसऱ्या अंशाची कुरकुर करत.
ज्योत निळी, आखूड, स्वतःच्या कामात.
खाली कोरड्या खोलीत ट्रे सरकल्याचा आवाज.

पावणेचारला लॉगबुक भरलं.
दाब, व्होल्ट, तापमान, सही: द. गावंड.
शेरा या रकान्यात काय लिहावं सुचेना.
चाचा चहा गाळत होते.
मी "ठीक" लिहिलं.