नळी क्रमांक एकशे अठरा

सभागृहात आधी तिघे बोलले.
एकाने तिचे शोधनिबंध मोजले, दोनशे चार.
एकाने पदकं.
तिसरा मॉस्कोहून आलेला, रडला, आणि वेळ संपली.
मला कुणी बोलावलं नव्हतं. मी काच फुंकणारा.
म्हणून हे घरी लिहितोय, ओट्यापाशी उभ्यानं,
सुक्या जर्दाळूची फोड गालात धरून.

शोघेर मेलिकसेत्यान.
येरेवानहून वर, पहाडावरच्या ठाण्यात,
जिथे मे महिन्यातही दार फावड्यानं उघडतात,
ती पहिल्यांदा आली मेंढ्यांच्या ट्रकमधून,
मांडीवर ऑसिलोस्कोप, तान्हं मूल घ्यावं तसा.
राम राम नाही, काही नाही. थेट प्रश्न:
"उस्ता वारुझान, हवा किती उरते आत?"

मी भट्टीपाशी गाल फुगवून नळ्या करायचो.
ती पंप लावून माझी फुंकर उपसून काढायची,
मग आरगॉन भरायची, आणि चिमूटभर अल्कोहोल.
(उरलेल्या अल्कोहोलचं काय व्हायचं ते विचारू नका.)
आभाळातून काहीतरी अखंड कोसळत असतं म्हणे,
छपरातून, कवटीतून, खडकातून आरपार,
त्यातलं एखादं माझ्या काचेत टिक् म्हणतं.
ती टिक् ऐकत ती एकतीस हिवाळे बसली.

शहरात दिवे नव्हते त्या वर्षी
लोकांनी घरातल्या लाकडी जमिनी उखडून जाळल्या.
तिनं पुस्तकांचं कपाट जाळलं,
पुस्तकं भिंतीशी रचून ठेवली.
वर ठाण्यात मोजणी चालूच,
मेंढपाळांकडून उसन्या आणलेल्या ट्रॅक्टरच्या बॅटऱ्यांवर.
भाडं म्हणून त्यांच्या पोरांना अपूर्णांक शिकवायची,
लवाशचे तुकडे करून. पोरं उत्तरं खाऊन टाकायची.

त्याच हिवाळ्यात आलेखावर उंचवटा आला.
कुणीच कधी न पाहिलेला.
परदेशातून पत्रं आली. तिनं नवा कोट शिवला,
करडा, मोठ्या बटणांचा. तिला शोभत नव्हता.

दहा महिन्यांनी ती माझ्या खोलीत आली,
हातात नळी, एकशे अठरा.
दिव्यासमोर धरली. केसाएवढी चीर.
कडाक्याच्या थंडीत तेवढीच उघडायची,
आणि एका कणाला दोनदा वाजायची.

मला ठाऊक होतं.
ती जोडली त्या रात्री गॅस संपत आला होता,
बोटं बधिर होती, मी तिला घाईनं निववली,
आणि अंधारात एक बारीक टिच् ऐकली.
जन्मभर तोंडात हवा धरायची सवय,
तशीच गुळणी धरून बसलो.

ती म्हणाली, "थंडीत काच आकसते."
बस्स.
मग चार ओळींचं पत्र छापायला पाठवलं:
निष्कर्ष मागे घेत आहे. दोष उपकरणाचा.
तपासण्याची जबाबदारी माझी होती.
मी ती पार पाडली नाही.
पुढच्या सोमवारी नवी रेखाटनं माझ्या टेबलावर:
"उस्ता, एकशे एकोणीस ते एकशे चाळीस."
कोट पुन्हा कधी दिसला नाही.

तिला कळलं होतं का?
तेवीस वर्षं मी तिच्या चेहऱ्यावर मोजणी लावून बसलो.
एकही टिक् नाही.

त्या चार ओळी आज कुणी मोजल्या नाहीत.
धरल्या तर दोनशे पाच होतात.

ती नळी माझ्याकडे आहे, मोज्यांच्या खणात.
आरगॉन केव्हाच गेला असेल,
आता आत ह्याच घराची हवा, कांद्याच्या वासाची.

मघाशी ठाण्यावरून फोन आला, नवा मुलगा आहे, ग्नेल.
दोन जुन्या धर्तीच्या नळ्या हव्यात म्हणाला,
आता बाजारात मिळत नाहीत, जमेल का?
हात थरथरतात, मी म्हटलं. जमेल.
भट्टी पेटवलीय.
ह्या वेळी रात्रभर निवू देईन.
सकाळपर्यंत. हवं तर दुपारपर्यंत.