केवळबाईच्या पापण्या

दुपारी दोनला, पारोळ्याचा रस्ता उन्हानं रिकामा केल्यावर,
भावेश स्टुडिओत आला तो मोबाइल पुढे धरूनच.
"काका, हाई देख. मंगळवर भित शे."

होती खरी.
काटकोनात वळलेली, वर पांढरी किनार,
खाली सावली, मध्ये दाराएवढी फट.
"कोनी बांधी व्हई?"
म्हटलं, मूळ फोटो आण.
ज्याला अजून कुणी हात लावलेला नाही, तो.

शोधायला त्याला वीस मिनिटं लागली.
तोवर मी एका जावयाचे आठ पासपोर्ट कापले.

मूळ फोटोत तांबूस उतार होता,
आणि उतारावर एक काळपटपणा,
अळशीच्या दाण्याएवढा. बास.

बस म्हटलं, आता बघ.
चौपट केला.
दोन ठिपके लांब सरकले की मधली जागा
यंत्राला रिकामी ठेववत नाही.
शेजाऱ्यांना विचारून ते काहीबाही भरतं,
पंगतीत दोन पाहुण्यांच्या मध्ये
ओळखीतलं कुणीही बसवावं तसं.
मग धार लावली.
उजेडाला उजेडाचा काठ आला, अंधाराला अंधाराचा,
लुगडं नव्हतंच, नुसते काठ.
पुन्हा धार. पुन्हा.
कुणीतरी कधीतरी हा फोटो पाठवताना दाबला होता,
त्या दाबण्याचे चौकोन वर आले,
आठ ठिपके लांब, आठ ठिपके उंच,
एकावर एक.
या विटा, म्हटलं. आणि हा गवंडी,
माउसवर बोट ठेवून बसलाय.

पटलं नाही त्याला.
मग मी आमच्याच मागच्या भिंतीचा फोटो घेतला,
जिथं कूलरच्या पाण्यानं चुना सुटलाय.
तीच चौपट, तीच धार.
चार मिनिटांत तीन गल्ल्या निघाल्या,
एक विहीर, आणि तिच्यात उतरणाऱ्या पायऱ्या.

भावेश हसला नाही.
"मंग तठे खरं काय शे?"
"बारा ठिपके. आणि ऊन कुठल्या बाजूनं होतं, तेवढं."

मग त्याला ते सांगितलं, जे काउंटरवर सांगत नाही.
बहादरपूरचे आधार पाटील. आई गेलेली.
तिचा एकच फोटो, कुणाच्या तरी हळदीतला,
तिसऱ्या रांगेत, तोंड ज्वारीएवढं.
बारा बाय अठरा हवा होता, तेराव्याच्या आत.
मोठा केला तर डोळ्यांच्या जागी
दोन राखाडी डाग. केवळबाई तिथं नव्हतीच.
पापण्या मी काढल्या.
डाव्या डोळ्याला अकरा, उजव्याला नऊ,
कारण उजव्यावर पदराची सावली असावी असं वाटलं.
आधारभाऊ फ्रेमसमोर उभे राहिले,
किती वेळ, बाहेर रिक्षावाला ओरडत होता.
म्हणाले, "मन्ही माय अशीच देखे."
मी पैसे मोजून घेतले.
काय सांगणार होतो?

भावेशनं मोबाइल खिशात टाकला.
दारापर्यंत गेला, उंबऱ्यावर थांबला.
"काका, आमना आबाना फोटो बी तुम्हीच मोठा कया ना?"
"हो. सत्त्याण्णव साली. हातानं, ब्रशनं."
"आबाना गालवर देवीना वण व्हतात म्हने.
फोटोमा नही."

आठवलं मला.
जुनी निगेटिव्ह, बुरशी लागलेली.
दोन्ही गालांवर बारीक गोल खळगे,
प्रत्येकाच्या एका कडेला उजेड, दुसऱ्या कडेला सावली.
मला वाटलं, डाग.
रात्री दीड वाजेपर्यंत बसून
एकेक बुजवत गेलो,
सगळा चेहरा गुळगुळीत होईपर्यंत.

निगेटिव्ह बहुतेक माळ्यावरच्या डब्यात असेल.
शिडी आणायला भावेश शेजारी गेलाय.