तिसऱ्या दिवशी कुदळ

ती आली तेव्हा भरती होती.
अमिस्सेच्या होडीत एकवीस माणसं, एक शिलाई मशीन,
आणि पाय बांधलेली एक कोंबडी, तीही जिवंत.
किसांगाहून चार दिवस.
रात्री किनाऱ्याकडे बघायचं नाही असं होडीत ठरलं होतं, म्हणे.
बघितलं की मोजावंसं वाटतं, कुठली कुठली पेटलीत.

मुआनाशा माझ्या नवऱ्याच्या मावसबहिणीची जाऊ.
म्हणजे कोणीच नाही.
म्हणजे आमचीच.

बरोबर पाच मुलं, त्यातली तीन तिची.
उरलेल्या दोघांबद्दल मी विचारलं नाही
आणि तिने सांगितलं नाही.
मी चुलीवरच्या भांड्यात आणखी पाणी ओतलं.
पाण्याला नातं लागत नाही.

आमच्यात म्हणतात, पाहुणा दोन दिवस,
तिसऱ्या दिवशी त्याच्या हाती कुदळ द्या.
तिसऱ्या दिवशी मी अंगण पाहिलं:
वाळू, शिंपले, जाळं सुकवायची दोरी.
कुदळ माझ्याकडेच नव्हती.

चाळिसाव्या दिवशी सेलेस्तिनो आला,
नांपुलाकडचा पोरगा, अंगात मापाहून मोठं जाकीट.
'घरात माणसं किती?'
'तेरा.'
'त्यात विस्थापित किती?'
मी आत वळून पाहिलं.
माझा सुमाइल आणि तिचा मोठा
एकाच चादरीत पाय अडकवून झोपलेले.
त्यातला कुठला पाय विस्थापित, सांगता येईना.
'सहा,' मुआनाशा म्हणाली.
त्याने सहा लिहिले. पेन ओठांत धरून माझ्याकडे बघितलं.
'आई, तुमच्यासाठी रकाना नाही.'
ओशाळून म्हणाला. रकाने त्याने थोडेच आखले होते.

मग तांदूळ आले, वाटाणा, तेलाचा डबा, झाकणाची बादली,
आणि इतका साबण
की घराला दवाखान्याचा वास.
मुआनाशाने मला विचारलं नाही.
पोतं सरळ माझ्या पिंपात रिकामं केलं, धुळीसकट.
मग माझाच पेला विसळून म्हणाली,
'तेरा जणांना किती लागतात?'
मला सांगता येईना.
इतके दिवस मी पाण्याने मोजत आले होते.

त्या रात्री तिने आधी मला वाढलं.
माझ्या घरात, माझ्या ताटात.
घास उतरताना घसा दुखला, खोटं कशाला सांगू.
देणाऱ्याचा हात वर असतो.
माझा कुठे ठेवावा ते कळेना,
म्हणून मी मीठ मागितलं.

पावसाळा सरला आणि रेशन निम्मं झालं.
कुठेतरी दुसरी लढाई पेटली असेल,
नकाशावर कोणाचं तरी बोट
आमच्यावरून पुढे सरकलं असेल.
तिच्या गुडघ्यांत पाणी झालं
तेव्हापासून रांगेत मी उभी राहते.
कार्ड तिचं, डोकं माझं.
ती मागे काजूच्या सावलीत बसते, पाय चोळत.

काल पुढची म्हातारी वळली,
गालांवर मुसिरोचा लेप, वाळून तडकलेला.
'तू कुठली गं?'
म्हणायला हवं होतं, इथलीच,
पाकितेकेते, मशिदीमागची गल्ली.
तोंडून निघालं, 'किसांगा.'
मी किसांगा पाहिलेलं नाही. होडीतूनसुद्धा नाही.
'कुठलं घर?'

मी गप्प.

मागून, सावलीतून, मुआनाशा म्हणाली,
'विहिरीच्या अलीकडचं. निळ्या दाराचं.'
'हो हो,' म्हातारी माझ्याकडे निरखून बघत म्हणाली,
'तेच ना, ज्याला कडी नव्हती?'
'होती,' मुआनाशा म्हणाली. 'आतून.'

रांग दोन पावलं सरकली.
मी कपुलाना पिळून त्याची चुंबळ केली
आणि डोक्यावर ठेवली.